कच्चा समजलेला मोतीबिंदू

वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. मायनं नांदुऱ्याजवळचा मळा मक्त्यानं घेतला आणि स्वतः मोट हाकली. बाईमाणसानं मोट हाकली म्हणून भाऊबंदांनी नावं ठेवली. तिनं ऐकून घेतलं आणि बैल जुंपले. वांगी-मेथीची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारात बसायची. त्या पाटीवर मी नागपुरास जाऊन बी.ए. झालो, मलकापुरात मास्तर झालो. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला. हे मी ताठ मानेनं सांगतो. पुढचं तसं सांगता येत नाही.

तिची साठी उलटली होती. सुटीत घरी गेलो तर म्हणाली, "बापू, कंदिलाभोवती रंगाचं कडं काऊन दिसते?" कपाळ ठणकायचं, उलट्या व्हायच्या. घरात त्याला पित्त म्हणत. मी तिचा डोळा उजेडात धरून पाहिला. बुबुळात हिरवट झाक होती. मोतीबिंदू आहे, पण अजून हिरवा आहे, पिकला की काढू, असं मी सांगितलं. थोरल्या भावाला लगेच पटलं. जन्म मळ्यात गेलेला माणूस. कच्चं फळ तोडायचं नाही एवढं त्याला ठाऊक. शिवाय बी.ए. झालेला सांगतोय.

दोन हंगाम आम्ही थांबलो. मग उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं.

अकोल्याच्या डॉक्टरांच्या ओसरीवर आम्ही सकाळपासून बसलो होतो. त्यांनी तिची पापणी मिटवून दोन बोटांनी डोळा दाबून पाहिला. मग मलाही दाबायला लावला, आणि नंतर माझा स्वतःचा. माझा मऊ लागला. तिचा सुपारीसारखा टणक.

"मास्तर, हा मोतीबिंदू नव्हे, ग्लॉकोमा आहे," ते म्हणाले. "हा पिकत नाही. नुसता डोळा मारतो."

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे मेंदूकडे जाणारी नस, वाळते. वाळलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. दिव्याभोवतीची कडी केव्हापासून दिसत होती, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. उजवा गेलाच, डावा वाचतो का पाहू, असं म्हणून त्यांनी ऑपरेशनची चिठ्ठी लिहिली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पट्टी सोडली तेव्हा मी समोरच उभा होतो. ती म्हणाली, "उजेड हाय. माणूस नाही दिसत."

घरी आल्यावर तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून राहिली. वहिनी घास भरवायची. गावात पुष्कळ म्हातारी माणसं अशीच संपलेली मी पाहिली होती. एक दिवस तिनं वहिनीचा हात बाजूला सारला. "सूनबाई, घास नोको देऊ. ताट कुठं हाय ते सांग."

त्या दिवसापासून ती उठली. पडली, कपाळ फुटलं, पुन्हा उठली. मी बसून राहा म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही. भावानं दारापासून मळ्यापर्यंत दोर बांधून दिला. शेजारणी कीव करायला आल्या तर माझ्यादेखत त्यांना म्हणाली, "आमच्या बीएले मिरची पिकलेली कयते, डोया नाही कयत." बीएला मिरची कळते, डोळा कळत नाही, यावर सगळ्या हसल्या. मीही हसलो. याहून जास्त ती मला कधीच बोलली नाही.

ज्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला दिव्याभोवती कडी दिसतात, त्यांनी पिकण्याची वाट पाहू नये. शिकलेल्या मुलाचंही ऐकू नये. डॉक्टर गाठावा.

तिची नजर आली नाही. पुढं उजेडही गेला. तिसऱ्या हिवाळ्यात ती दोर सोडून एकटी मळ्यात जाऊ लागली. वाफ्यात बसून, बोटांनी चाचपून, मेथीतलं तण वेगळं काढू लागली. घरच्या सगळ्या जुड्या मरेपर्यंत तिनंच बांधल्या.