मोजणीला गेलेला ग्रामसेवक

इतकी वर्षं खाकी अंगावर होती, पण मूर्तिजापूरजवळच्या त्या बंद जिनिंग मिलचं फाटक मी अजून विसरलेलो नाही.

उद्योगांना दिलेली मालमत्ता करातली सूट शासनाने मागे घेतली होती. आता मिलवर कर बसणार, म्हणून गावचा ग्रामसेवक इमारतीची मोजणी करायला गेला तो परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. मी मिसिंग नोंदवून घेतली, तिला धीर दिला. पण माझाच धीर सुटत चालला होता. नवऱ्याला साखरेचा आजार आहे, असं ती सांगत होती आणि मे महिना तापला होता.

गावात कुणी तोंड उघडेना. दुपारी एक भाजीवाली हवालदाराजवळ कुजबुजली, "त्याची गाडी मिलच्या मांगं काट्याच्या कुपाटीत हाये. माह्यं नाव नोका घेऊ, दादा."

आम्ही मिलवर पोचलो. चौकीदार घामाघूम झाला. "हंगाम सरला, सायेब. आत कोनीच नाई."

कापसाच्या मिलमध्ये ठिणगीची धास्ती फार. आत जाणारा मजूर बिडी-काडी फाटकावरच ठेवून जातो. चौकीदाराच्या खोलीतल्या कोनाड्यात तीन बिडीबंडलं होती, त्यांवर काड्यापेट्या. माणूस डांबायला निघालेल्यांनीही मिलचा नियम तेवढा पाळला होता!

"मग ह्या कोणाच्या?" मी विचारलं.

त्यानं हात जोडले. "कर लागला तं मालक मिल गुजरातेत नेते म्हने. आमी कुठी जावाव, सायेब? मोजू नोको म्हनलं, तं आयकेच ना तो."

"जिवंत आहे ना?"

"सकाळी होता."

त्याला पुढे घालून आम्ही आत गेलो. सरकीचं गोदाम उघडलं. ग्रामसेवक खांबाला बांधलेला, ओठ पांढरे, हाक मारली तरी हलेना. नाकाशी बोट धरलं. श्वास होता. कोपऱ्यात तिघे मजूर अंग चोरून उभे होते. "मेला का, सायेब?" एकानं विचारलं.

तो वाचला. मालकाचा जबाब घेतला, तेव्हा कळलं की मिल हलवायचं त्यानं कधी ठरवलंच नव्हतं. चहा पिताना वैतागून बोलून गेला होता. सराईत गुन्हेगार निदान पुढचा विचार करतो. घाबरलेला साधा माणूस काय करून बसेल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. त्यानंतर चौकशीत घाबरलेल्याला मी कधी दम दिला नाही.

कर लागला. हंगामात मिलही सुरू झाली. त्या तिघांच्या जागी दुसरे मजूर आले.