ज्याचं त्याचं कुलूप

शमुवेलकाका येताहेत हे आधी कानाला कळायचं. गळ्यातल्या काळ्या गोफात एक छोटा पितळी क्रूस आणि एक किल्ली एकत्र ओवलेली. चालताना दोन्ही एकमेकांवर आपटायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत एवढा गोंगाट, पण ती टिकटिक जवळ आली की माझ्यासारखा गप्पिष्टसुद्धा कामाला लागायचा. रविवारी देहूरोडच्या चर्चमध्ये तीच टिकटिक मागून यायची आणि डुलक्या काढणारी मंडळी एकदम भाविक दिसू लागायची.

किल्ली होती कुलपाची. आमच्याकडे पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे काढणारी अजस्र प्रेस आहे. दुरुस्तीसाठी तिच्या जबड्यात शिरावं लागतं. शिरण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकानं त्यावर आपापलं कुलूप घालायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत प्रेस चालू होत नाही. नियम इतका सोपा की तो पाळायचा सगळ्यांनाच कंटाळा. एकानं कुलूप घातलं की बाकीचे त्याच्या भरवशावर आत. काकांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. नवा माणूस त्या हाताकडे बघू लागला की काका तो त्याच्या नाकासमोर नाचवायचे. "दुसऱ्याच्या कुलपावर आत गेल्तो. त्यो च्याला गेला, जाताना आपलं कुलूप काढून गेला. त्याची काय चूक न्हाई."

उपासना सुटली की लोक त्यांच्याभोवती जमत. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. सलाम काका, प्रार्थनेत आठवण ठेवा. काका प्रत्येकाला तेच विचारत, "तुमी केली का?" माणूस चाचरला की म्हणत, "आधी तुमी करा. मी मागनं आमेन म्हणतो." चर्चच्या पाळकसाहेबांना हे रुचत नसे, पण काकांना समजावायला जाण्याची त्यांची छाती नव्हती.

काकांचं खरं दुखणं मात्र घरातच होतं. जावई, दावीद. आमच्याच खात्यात फिटर. हसरा, देखणा, आणि सासऱ्यावर पुरता विसंबलेला. थेरगावला दोघांची बिऱ्हाडं वर-खाली. दावीदच्या ताटावरची प्रार्थना करायलासुद्धा काका जिना उतरून यायचे. बायबल कधी उघडतोस का, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं, तर म्हणाला, "मामा वाचतात की, राव. एका घरात दोघांनी कशाला वाचायचं?" प्रेसपाशीही तेच. मामांचं कुलूप लागलंय ना, मग चला आत.

मग काकांना खोकला लागला. कोरडा, खोल, विहिरीतून आल्यासारखा. डॉक्टरांनी फुप्फुसाचं जे सांगितलं ते काकांनी घरी लपवलं आणि नेमकं मला सांगितलं, ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याला. मीही ते पोटातच ठेवलं, हे माझं मलाच नवल. "मरायचं काय न्हाई रं," ते म्हणाले. "पर त्या पोराचं कसं व्हायचं?"

एका दुपारी काका आणि दावीद प्रेसमध्ये होते, मी बाहेर. स्विचवर कुलूप एकच, काकांचं. काका खोकत एकटेच बाहेर आले, गळ्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. खट्. माझ्या हातातला पाना खाली पडला. काकांनी वळून स्विचला पाठ लावली, तो पुरता झाकून टाकला, आणि त्या काळ्या जबड्याकडे बघत म्हणाले, "दावीद, मी निघालो रं."

आतली ठाकठूक थांबली. मग जो आवाज आला तो मला ओळखू आला नाही.

"मामा, मी आत आहे."

"तुझं कुलूप कुठाय?"

"तुमचं आहे ना, मामा..."

"माझं मी काढलं. मी जायचा हाय. तुझं कुठाय?"

दावीद बाहेर आला तेव्हा तोंड ग्रीसनं काळं आणि ओठ पांढरे. बरेच दिवस तो सासऱ्याशी बोलला नाही. त्याची बायको रूथ तर बापावर कडाडली, की माझा नवरा मेला असता तर? काका शांतपणे म्हणाले, "पाठ व्हती की माझी. पर पाठ किती दिस पुरंल, बाई?"

ती फार दिवस पुरली नाही. दवाखान्यात काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि दावीद उशाशी बसून विनवत होता, मामा, माझ्यासाठी प्रार्थना करा. काकांनी मान हलवली. नाही. डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. कोण सुरुवात करणार याची. दावीदचे ओठ हलले, शब्द आला नाही. काका आमेन न म्हणताच गेले.

माती देऊन आल्यावर थेरगावला दावीदच्या खालच्या खोलीत मंडळी जमली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात कुणी करायची ते विचारलं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि, खरं सांगतो, सगळ्यांचे कान जिन्याकडे लागले. टिकटिक आली नाही. इतकी वाईट शांतता मी पुन्हा ऐकलेली नाही.

"प्रभू," दावीद म्हणाला, "मला येत नाही. कधी केलीच नाही." पुढे अडखळत, चुकत, नाक पुसत काहीबाही. त्यात चर्चमधला एकही सुरेख शब्द नव्हता. आमेन मी म्हटलं, जरा मोठ्यानं, काकांच्या वाटचं.

परवा माझ्या बायकोची तपासणी होती. सकाळी प्रेसपाशी दावीदला गाठलं, हात जोडून थोडं नाटकी म्हटलं, "भावा, प्रार्थनेत आठवण ठेव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसला नाही.

"तुम्ही केलीत का?"

तो स्विचकडे वळला, आपलं कुलूप घातलं, खट्, किल्ली गळ्यात टाकली आणि अंधारात शिरला. आत मलाही जायचं होतं. मी खिशात हात घातला, कुलूप शोधत.