समोरची फळी

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मी रविवारी सकाळी फिरायला जातो, तेव्हा नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे आपली होडी पुसत असतात. कुणी होडीकडे निरखून पाहिले, की ते न विचारता खिशातून परवानगीचा कागद काढून दाखवतात. छापखान्याच्या फाटकावर वर्षानुवर्षे झडती दिल्याची ती सवय असावी.

मुलाकडे इंग्लंडला गेले असताना त्यांनी एक म्हातारे इंग्रज जोडपे पाहिले. निवृत्तीनंतर ते दोघे तिथे बोटीतच राहत होते. "बाई सुकाणू धरायची, बुवा चहा करायचा," हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितले आहे. त्यांच्या पत्नीला मात्र पाण्याची भीती वाटते. त्या किनाऱ्यावर सतरंजी टाकून मेथी निवडत बसतात. गृहस्थांनी कधी आग्रह केला नाही. निघताना ते होडीतली समोरची बसायची रिकामी फळी तेवढी कोरडी करून ठेवतात.

गेल्या रविवारी बाई उठल्या आणि त्या फळीवर जाऊन बसल्या. गृहस्थांनी वल्ही उचलली. गुडघाभर पाण्यातून, काठाकाठाने होडी नेऊ लागले.

"अहो, इथे म्हशी बसतात," बाई म्हणाल्या. "आत घ्या की."

"नक्की?"

"घ्या म्हटलं ना."

होडी बरीच आत गेल्यावर एक वल्हे बाईंच्या हातात दिसले. त्यांचा जोर कमी पडत होता, त्यामुळे होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. गृहस्थांनी ती बराच वेळ तशीच फिरू दिली.