आधी उर्वीला विचारा

माझी धाकटी बहीण उर्वी मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका दुकानात अबायांच्या, बायकांच्या काळ्या झग्यांच्या, बाह्यांवर मणी लावते. एकोणपन्नास वर्षांची आहे. तिला वीसच्या पुढे मोजता येत नाही, घड्याळ कळत नाही, पण तिने लावलेला मणी सुटला म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. मालकीणबाई सुरैया ईदच्या आधी बाहेरून चार कारागीर आणते आणि भारीतलं काम मात्र उर्वीपुढे ठेवते. मी त्याच दुकानात मशीनवर बसते, म्हणून हे रोज डोळ्यांनी बघते. आणि मिरवते. मी नाही मिरवणार तर कोण?

कारण ह्याच पोरीला एका सरकारी साहेबाने माझ्या तोंडावर निकामी म्हटलं होतं.

आम्ही गुहागरकडच्या. उर्वीची समज लहानपणापासून कमी. वडील गेल्यावर आईने तिला घाटावरच्या अशा मुलींच्या एका सरकारी गृहात ठेवलं, चार गोष्टी शिकेल म्हणून. चौऱ्याण्णव साली तिथून एक कागद आला. तपासणीचा असेल समजून आईने अंगठा उठवून दिला. तो परत पाठवायच्या आधी मी वाचला आणि डोक्यात तिडीकच गेली. गृहातल्या मुलींच्या गर्भपिशव्या काढायचं शिबिर होतं ते. मुलींची एक तुकडी उरकलीसुद्धा होती.

आमच्या घरात सरकारने असा हात घालायची ही दुसरी खेप. आणीबाणीत वडील कचेरीत शिपाई होते. नसबंदीचा दाखला आणा, मग पगार, असा साहेबाचा हुकूम. उर्वी तेव्हा दोन महिन्यांची होती. वडिलांनी मुकाट्याने करून घेतली आणि पुढे जन्मभर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र बोलायचं ठरवून एसटीत बसले.

गृहाच्या साहेबाने मला खुर्चीसुद्धा दिली नाही. म्हणाला, "पाळीत ह्यांना स्वतःचं काही करता येत नाही. आमच्या बायकांनी किती घाण काढायची? आणि उद्या कुणी हात टाकला तर अशीच पोरं जन्माला येणार. कशाला हवीत अशी निकामी माणसं देशाला?"

मी म्हटलं, "हात टाकणाऱ्याचं काय काढणार आहात, ते आधी सांगा."

तो फायली चाळायला लागला. मी उर्वीची पत्र्याची ट्रंक उचलली, तिचा हात धरला आणि संध्याकाळची गाडी पकडली. तेवीस वर्षांची होते मी. तोंडाचा पट्टा गाडीतही चालू होता.

आता तिला शिकवणं आलं. अंड्यांच्या ट्रेला तीस खळगे असतात. रोज सकाळी एकात एक चिंचोका ठेवायचा. कुंकू लावलेल्या खळग्यापर्यंत चिंचोके पोचले की पाळी येणार, कापडाची घडी घालायची. आधी बाहुलीला घालून दाखवली, मग तिला. पहिले चार महिने नाकी नऊ आले. मी चिडायचे, ती ट्रे फेकून द्यायची, दोघी रडायचो. अकराव्या महिन्यात ती न सांगता उठली, न्हाणीघरात गेली, सगळं नीट करून आली आणि आईकडे चहा मागितला. त्या साहेबाच्या घरी जाऊन त्याला सांगावंसं वाटलं मला.

पुढे सागरचं स्थळ आलं. तो मस्कतला एसीचं काम करायचा. मी सांगितलं, उर्वी बरोबर येणार, नाहीतर खलास. त्याने दोन वर्षं कागद फिरवले, पण आणलं दोघींना. म्हणून त्याची घोरण्याची सवय मी चालवून घेते.

ह्या वर्षी उर्वीचं रक्त जायला लागलं ते थांबेना. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. दुकानात मणी ओवता ओवता तिला चक्कर आली. मस्कतमधल्या कुरुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अफशीन हिंदीत शांतपणे म्हणाल्या की पिशवीत गाठी आहेत, मोठ्या आहेत, रक्त फार कमी झालंय, आता पिशवी काढायला हवी.

"नाही," मी म्हटलं. "तिच्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही." एकतीस वर्षांचं सगळं मी त्या बाईवर ओतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं तुम्ही बोललात. उर्वी काय म्हणते?"

उर्वी शेजारीच बसली होती, आणि मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. खरं सांगते, शरमेने मान खाली गेली. तो साहेब तिला न विचारता हो म्हणत होता आणि मी तिला न विचारता नाही म्हणत होते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. इथे पिशवी, इथे गाठी, इथे कापणार. मी मराठीत सांगत गेले, आपल्या पदरचं काही न घालता. उर्वीने विचारलं, दुखेल का. दुखेल, पण औषध देऊ. मणी लावता येतील का. दोन महिन्यांनी. मग म्हणाली, "घरी जाऊन सांगते."

चार दिवस ती ते चित्र घेऊन बसायची. मी तोंडाला कुलूप लावलं होतं. सागर म्हणाला, लग्नानंतर घरात एवढी शांतता पहिल्यांदाच आहे. पाचव्या दिवशी भात कालवताना उर्वी म्हणाली, "रुबिनाला कुणी नव्हतं सांगितलं."

मला कळेना. मग तिनेच सांगितलं. गृहात शेजारच्या खाटेवर रुबिना होती. तिला खाऊ देतो म्हणून गाडीत बसवून नेलं. परत आली ती पोट धरून, आणि काय झालं म्हणून सगळ्यांना विचारत राहिली. एकतीस वर्षं माझ्या बहिणीने हे मनात ठेवलं होतं, आणि मला वाटायचं तिला त्यातलं काही आठवत नाही.

"मला सांगितलं," उर्वी म्हणाली. "चित्र काढून सांगितलं. काढू दे. मला चक्कर नको."

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने फॉर्म माझ्यापुढे धरला आणि शाईचं पॅड उर्वीपुढे. डॉक्टर म्हणाल्या, कायद्याने बहिणीची सही लागेल, पण आधी हिची. उर्वीने पॅड बाजूला सारलं आणि पेन मागितलं. स्वतःचं नाव तेवढं तिला लिहिता येतं. सावकाश लिहिलं, जीभ दातात धरून. नर्सला घाई होती, तरी थांबली. अभिमानाने माझा ऊर फुटायची वेळ आली होती.

लिहून झाल्यावर तिने ते एकदा वाचून बघितलं, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि बोट ठेवून जागा दाखवली.

"आता तू कर," म्हणाली. "माझ्या खाली."