गादीखालची गोधडी

दवाखान्यातून वडिलांना माझ्या पडेगावच्या घरी आणलं तेव्हा त्यांच्या दोन्ही मनगटांवर पट्टीचे वळ होते. झोपेत कॉटवरून पडतात म्हणून तिथं त्यांचे हात बांधून ठेवलेले. घरीही बांधा, असा सल्ला मिळाला. माझं डोकंच फिरलं. जन्मभर वैजापूरला बैलांची दावी सोडली-बांधली, त्या माणसाला शेवटी दावं लावायचं? मी साफ नाही म्हणालो. पण पहिल्याच दुपारी ते कॉटवरून खाली आले आणि कपाळाला खोक पडली.

"आता काय करायचं ते तुमीच सांगा," बायको म्हणाली. "पुन्हा पडले तर उठायचे नाहीत."

तेव्हा मला जहाज आठवलं.

मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये मी बरीच वर्षं काढली. पहिलं जहाज म्हातारं होतं. आमच्या खोल्या पार मागे, इंजिनाच्या डोक्यावर. एका खोलीत दोघं, एकावर एक बंक, पुढे कळकट पडदा, गोल खिडकी गंजून कायमची बंद. गादीला डिझेलचा आणि ओल्या बुटांचा वास. पहिल्या वादळात मी वरच्या बंकवरून सारखा खाली पडत होतो. खाली कोकणातला सारंग झोपायचा, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. शेवटी तो वैतागून उठला, माझं लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली कोंबलं. गादी भिंतीकडे कलली.

"आता पाठ भिंतीला लाव नि नीज," तो म्हणाला. "जहाज हलूदे, तू हलू नको."

त्या लोखंडी भिंतीतून इंजिनाची धडधड पाठीत यायची. घराच्या आठवणीनं रडू आलं तर मी त्याच भिंतीकडे तोंड करायचो.

घरी हे कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. सुट्टीवर आलो की वडील पाऊसपाण्याचं बोलायचे. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तर ते सांगत, पोरगा वाळूजला कंपनीत आहे. त्यांना माझी लाज वाटते, असं मी धरून चाललो. तो राग मी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

कॉट भिंतीला लावली. आईच्या जुन्या गोधडीची गुंडाळी करून गादीच्या कडेखाली सारली. वडील भिंतीकडे कलंडले, हातानं चाचपू लागले.

"हे कुठं शिकलास?"

"जहाजावर, दादा."

"लई हालायचं?"

"लई."

ते भिंतीला पाठ लावून झोपले. हात मोकळे होते.

त्यानंतर ते पडले नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांचे मोंढ्यातले जुने दोस्त भेटायला आले. मला म्हणाले, "काय रे, कंपनीनं सुट्टी दिली व्हय?"

मी चहाच्या निमित्तानं उठलो.

"कंपनी कशाची!" वडील पडल्या पडल्या म्हणाले. "जहाजावर व्हता त्यो. मीच खोटं सांगायचो. जहाज म्हटलं की लोक इचारायचे, बुडलं तर? मला ऐकवंना ते."

मी दारातच थांबलो. इतकी वर्षं मुरवलेला राग कुठं ठेवावा, कळेना.

दोस्तांना गादीची वर आलेली कड दिसली. ती सारखी करायला त्यांनी हात घातला.

"राहू दे," वडील म्हणाले. "पोरानं लावलीय."