वाढल्या म्हणायचं

शिंदखेड्याच्या गल्लीत धुरपदाबाई कासारीण टोपली घेऊन आली की बायका ओट्यावर गोळा होत. बाई तोंडाची फटकळ, पण एका बाबतीत जीभ सांभाळून होती. सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. सासूनं शिकवलं, तिनं जन्मभर पाळलं.

कापडवाल्या कांतीलालची बायको मंजू मात्र दर पंधरवड्याला म्हणे, "वाढल्या, अक्का." इतक्या कुणाच्या वाढतात? मनगटावरचे काळेनिळे डाग धुरपदाबाई बघे आणि गुमान बांगड्या भरे. मग घरी घास उतरत नसे. आपण भरायच्या आणि त्या मेल्यानं फोडायच्या! स्वतःचीच चीड येई, पण शब्द काही फुटत नसे.

तिजेच्या आदल्या दिवशी ओट्यावर शेजारणी जमल्या होत्या. मंजूची सासू जतनबाई म्हणाली, "हिच्याही भर गं. दोन्ही हातांच्या वाढल्या."

उजवं मनगट टम्म सुजलं होतं. धुरपदाबाईनं सगळ्यात मोठ्या मापाची बांगडी घेतली. ती बोटांवरून सरकेना. मंजूच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. धुरपदाबाईला ते बघवेना. तिनं बांगडी टोपलीत टाकली.

"हाऊ हात सुजेल शे, जतनअक्का. मी नही भरसू."

"सणाला मोकळ्या हातांनी फिरेल ही? माझा कांती जिवंत आहे!"

"मंग त्याले सांगा, हात आवर."

शेजारणी खाली बघू लागल्या. मंजू उठली. डोळे पुसले, डाव्या हातानं घागर कमरेवर घेतली आणि घरामागच्या आडाकडे न जाता सरळ बाजाराच्या नळाकडे निघाली. धुरपदाबाईला वाटलं, आपण हे काय करून बसलो? आता हिचं घरात काय होईल? टोपली तशीच टाकून ती मागोमाग धावली.

कापडदुकानासमोर बसलेल्या म्हाताऱ्या जीवरामआबांनी ते मोकळे हात पाहिले आणि घाबरून विचारलं, "कोन गयं वं, बाई?"

मंजू थांबली.

"कुणी गेलं नाही, आबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "यांनी फोडल्या."

सगळ्या माना दुकानाकडे वळल्या. कांतीलाल गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होता.