पंचाने डोळ्यांवर हात धरला तेव्हा

पंच इशारे करतोय असं समजून मी मॅटवर पाय ठेवला, आणि माझ्या मुलीच्या हातातला सामना गेला.

आता लिहिताना हे मूर्खपणाचं वाटतं, तेव्हा शौर्य वाटलं होतं. थोडा दोष माझ्या धंद्याला द्यायला हरकत नाही. मी मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घेतो. लिलावात तोंडाने बोलणारा माणूस कच्चा समजावा. एकाने कान खाजवला की दुसरा मागे सरतो, कोणी टोपी काढून पुन्हा घातली की ओळखावं, पापलेटाचं आधीच ठरलंय. अशा जागी केस पांढरे केलेल्या माणसाला जांभई देणाऱ्याचाही भरवसा वाटत नाही.

मुलगी कराटेच्या क्लासला जाते. जिल्ह्याची पॉइंट स्पारिंगची स्पर्धा रत्नागिरीतच होती आणि तिच्या वजनगटातून एकच मुलगी राज्याला जाणार होती. पुढच्या वर्षी ती वयाने वरच्या गटात जाणार, तिथे तिच्याहून मोठ्या मुली. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच. पोरगी अंतिम सामन्यापर्यंत पोचलीही.

समोरची मुलगी खेडची. मुख्य पंचही खेडचा. आणि चहाच्या टपरीवर तो तिच्या काकाशेजारी उभा, दोघं एकाच बशीतली खारी खातायत. मी बायकोला म्हटलं, बघ. तिने बघितलं आणि म्हणाली, खारीच खातायत की. तिला लिलाव माहीत नाही.

मग मला त्या मुलीचं वजन जास्त वाटायला लागलं. सकाळी लवकर वजनं झाली होती, तरी मी पुन्हा काट्यावर उभी करा म्हणून हटून बसलो. नियम म्हणजे नियम, त्यांनी दोघींनाही उभं केलं. ती बरोबर भरली. आमची किंचित वर गेली, कारण उपाशीपोटी कशी लढेल म्हणून मीच तिला, ती नको नको म्हणत असताना, घावणे खाऊ घातले होते. बिचारी अंगावर जर्किन चढवून आवारात धावली. घामाघूम होऊन आली तेव्हा काटा खाली आला. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

सामना लागला तेव्हा तिचे सर दुसऱ्या मॅटवर अडकले होते. कोचच्या खुर्चीत कोणीतरी हवं, म्हणून आयोजकांपैकी एकाने मला बसवलं आणि घाईघाईत नियम सांगितले. ही मारामारी नव्हे. फटका लागला की मुख्य पंच खेळ थांबवतो, कोपऱ्यांतले तीन पंच झेंडे दाखवतात, दोघांचं जुळलं तर गुण. जोरात मारलं, पाठ फिरवली, मॅटबाहेर पाय गेला, तर आधी ताकीद आणि मग दंड. दंड म्हणजे समोरच्याला गुण.

"आणि तुम्ही खुर्ची सोडलीत, निर्णयावर बोललात, तर ताकीद नाही. सरळ दंड. तुम्हाला नाही, तिला."

मी मान डोलावली. बोलू नये असा नियम कशासाठी करतात ते मला काय कळत नाही?

आमचा पट्टा लाल, तिचा निळा. थोड्या वेळाने पोरीचा पाय मॅटबाहेर गेला, पंचाने ताकीद दिली. मी मनात टिपून ठेवलं. मग खेडच्या मुलीलाही तशीच ताकीद मिळाली. ती दाखवण्यापुरती, असं मी ठरवून टाकलं.

शेवटची काही सेकंदं उरली आणि आमची एका गुणाने पुढे. तेवढ्यात खेडच्या मुलीने डोक्याकडे लाथ फेकली. पोरीने मान मागे घेतली. खेळ थांबला. एका कोपऱ्यात निळा झेंडा वर. दुसऱ्या कोपऱ्यातल्या पंचाने दोन्ही झेंडे खालीच ठेवले. आणि तिसऱ्याने मुख्य पंचाकडे बघत डोळ्यांवर आडवा हात धरला.

झालं. माझ्या डोक्यात लिलाव सुरू झाला. मी उठलो आणि थेट मॅटवर गेलो.

"ओ, हे हाताचे इशारे कोणाला चाललेत?"

मुख्य पंच शांतपणे जवळ आला.

"काका, त्याचा अर्थ मला दिसलं नाही, एवढाच. निळ्याला एकच झेंडा आहे. मी गुण नाही म्हणून सांगणारच होतो."

एवढं बोलून त्याने निळ्या पट्ट्याला दंडाचा गुण दिला. बरोबरी. बरोबरीनंतर पहिला गुण घेईल ती जिंकणार. पोरगी पवित्र्यात उभी राहिली, पण तिची अर्धी नजर माझ्यावर, हा पुन्हा उठतो की काय म्हणून. त्यातच छातीवर ठोसा बसला. तिन्ही झेंडे निळे. या वेळी सगळ्यांना स्पष्ट दिसलं होतं.

खरं सांगतो, तरीही मी दाराशी थांबून बघत होतो, त्या मुलीचा काका पंचाशी हात मिळवतो का. नाही मिळवला. मला तेच जास्त संशयास्पद वाटलं.

एवढ्यात सर धावत आले. निकाल कानावर गेला होता, नेमकं काय झालं ते नव्हतं. पुढे होतीस ना तू, मग हरलीस कशी, डोक्यावरची लाथ बसली का, असं त्यांनी विचारलं.

पोरगी हातमोज्याची पट्टी सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "लाथ चुकवली, सर. बाबा चुकवता आला नाही."